ड्रायव्हरचे ९ तास शिल्लक असताना तो साडेसात तासांत का थांबतो? अमेरिकन ट्रकिंगमधले कामाचे तास आणि विश्रांतीचे नियम

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मित्राने अमेरिकेतल्या ट्रकिंग कंपनीसाठी इथून रात्रपाळीत डिस्पॅचचं काम (ड्रायव्हरला लोड ठरवून देणं आणि त्याच्या वेळा बघणं) नुकतंच सुरू केलंय. त्याच्या ड्रायव्हरने सकाळी ६ ला ड्युटी चालू केली, अर्धा तास गाडी तपासली, दोन तास चालवून साडेआठला शिपरकडे, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडे, पोचला, तिथे लोडिंगला चार तास गेले आणि साडेबाराला तो निघाला. स्क्रीनवर ड्रायव्हिंगचे ९ तास शिल्लक दिसत होते, डिलिव्हरी ४३० मैलांवर, म्हणून ह्याने ब्रोकरला (लोड मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला) रात्री १० ची वेळ कबूल करून टाकली. ड्रायव्हर रात्री ८ ला ट्रक स्टॉपवर थांबला आणि म्हणाला माझं घड्याळ संपलं. आता चूक कोणाची, ड्रायव्हर कामचुकारपणा करतोय का, असं विचारलंय.

ड्रायव्हर शंभर टक्के बरोबर आहे. आणि ही गोष्ट नवीन माणसाला कोणी नीट समजावूनच सांगत नाही, ट्रेनिंगमध्ये ११, १४, ७०, ३४ असे आकडे पाठ करून घेतात आणि बसवतात फोनवर. आकडे पाठ असून काही होत नाही, कुठलं घड्याळ कधी चालतं आणि कधी थांबतं ते कळलं पाहिजे.

हे नियम एफएमसीएसए ह्या ट्रक-बसच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, त्यांना सगळे एचओएस (हवर्स ऑफ सर्व्हिस, म्हणजे कामाचे तास) म्हणतात. माल वाहणाऱ्या ट्रकसाठी मुख्य गोष्ट अशी की सलग १० तास ऑफ ड्युटी किंवा स्लीपरमध्ये (केबिनच्या मागच्या झोपायच्या बर्थमध्ये) काढले की ड्रायव्हरला दोन नवीन घड्याळं मिळतात. एक ११ तासांचं, ते फक्त गाडी चालत असतानाच कमी होतं. दुसरं १४ तासांचं, ते ड्रायव्हरने दिवसाचं पहिलं काम सुरू केलं की चालू होतं आणि मग थांबतच नाही (एक अपवाद आहे, तो पुढे येतो), जेवायला बसला तरी नाही, डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या जागी) चार तास रांगेत उभा राहिला तरी नाही, डिझेल भरत असला तरी नाही. ह्या १४ च्या बाहेर गाडी चालवता येत नाही, मग ११ मधले कितीही शिल्लक असोत. तुमच्या ड्रायव्हरचं १४ चं घड्याळ सकाळी ६ ला सुरू झालं म्हणजे रात्री ८ ला संपणारच. साडेबारा ते आठ म्हणजे साडेसात तास. ९ मधले दीड तास लोडिंगने खाल्ले, ते कुठून परत येणार नाहीत. साडेसात तासांत सरासरी ५० च्या वेगाने पावणेचारशे मैल होतात, ४३० नाही होत. म्हणजे वेळ कबूल करतानाच हिशोब चुकला होता, रस्त्यावर काही घडायच्या आधीच.

म्हणून माझा नियम एकच आहे, ११ कडे बघूच नका आधी. आधी १४ बघा, मग ७० (८ दिवसांतल्या कामाच्या तासांची मर्यादा, तिचं पुढे सांगतो) बघा, मग ११, आणि ह्यातला जो आकडा सगळ्यात छोटा असेल तोच ड्रायव्हरचा खरा शिल्लक वेळ. बऱ्याच ईएलडीच्या (गाडीत बसवलेल्या, तासांचा लॉग ठेवणाऱ्या मशीनच्या) स्क्रीनवर ड्रायव्हिंगचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि बाकीचे दोन कोपऱ्यात, तिथेच सगळे फसतात.

एक बारीक गोष्ट, १४ संपल्यावर काम बंद असं नाही, गाडी चालवणं बंद. ड्रायव्हर डॉकवर उभा राहून माल उतरवून घेऊ शकतो, कागद करू शकतो, तो वेळ ऑन ड्युटी लागतो आणि ७० मधून जातो, पण त्याने नियम मोडत नाही. फक्त नंतर डॉकवरून गाडी हलवायची वेळ आली की पंचाईत होते, त्याचं पुढे सांगतो.

जुने ड्रायव्हर तुम्हाला सांगतील की पूर्वी घड्याळ थांबवता यायचं. खरं आहे ते. जानेवारी २००४ च्या आधी १० तास ड्रायव्हिंग आणि १५ तास ड्युटी असा हिशोब होता आणि ते १५ सलग नव्हते, मधे ऑफ ड्युटी घेतली की थांबायचे. त्यामुळे माणूस सकाळी उठलेला असायचा, दिवसभर तुकड्यातुकड्याने काम करायचा आणि रात्री उशिरा हायवेवर असायचा, कागदावर सगळं नियमात. शरीर काही ऑफ ड्युटीचे तुकडे मोजत नाही, ते उठल्यापासून मोजतं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते असं संशोधनात दिसलंय. म्हणून १४ न थांबणारं केलंय, कोणाला त्रास द्यायला नाही.

अर्ध्या तासाचा ब्रेक सोपा आहे, उगीच अवघड करून ठेवलाय लोकांनी. ८ तास ड्रायव्हिंग जमा झालं आणि मधे कुठेही सलग ३० मिनिटं गाडी चालवणं थांबलेलं नसेल तर पुढे चालवण्याआधी ३० मिनिटं थांबा. २९ सप्टेंबर २०२० पासून हा ब्रेक ऑन ड्युटीमध्येही चालतो, म्हणजे डिझेल भरणं, लोडिंग, काहीही, गाडी चालवत नसला म्हणजे झालं. आधी ऑफ ड्युटीच लागायचं आणि ८ तास ड्युटी सुरू झाल्यापासून मोजायचे, त्यामुळे जुन्या डिस्पॅचरच्या डोक्यात अजून तेच बसलंय. तुमच्या केसमध्ये चार तासांचं लोडिंग हाच ब्रेक झाला, वेगळा घ्यायची गरजच नव्हती.

आता ७०. कंपनी आठवड्याचे सातही दिवस चालत असेल तर ८ दिवसांत ७० तास, नाहीतर ७ दिवसांत ६० तास. ह्यात ड्रायव्हिंग आणि ऑन ड्युटी दोन्ही धरायचं. हे सोमवारपासून सुरू होणारं आठवड्याचं खातं नाही, सरकत जाणारं आहे, आजचा दिवस आणि मागचे ७. रोज मध्यरात्री सगळ्यात जुना दिवस गळतो आणि त्या दिवशी जितके तास केले होते तितके परत मिळतात, त्याला रीकॅप म्हणतात. सोपा हिशोब, ७० भागिले ८ म्हणजे पावणेनऊ. रोज पावणेनऊच्या आत राहणारा ड्रायव्हर कधीच ७० ला अडकणार नाही, वर्षभर चालू शकतो. रोज साडेअकरा करणारा सहा दिवसांत ६९ वर जातो आणि सातव्या दिवशी त्याच्याकडे एक तास असतो, मग स्क्रीनवर ११ पूर्ण हिरवे दिसले तरी त्याला काय उपयोग.

तो अडकला की दोन रस्ते, एक तर रीकॅपवर रोज मिळेल तेवढं चालायचं किंवा सलग ३४ तास सुट्टी घेऊन ७० परत शून्यापासून. शुक्रवारी रात्री ८ ला थांबला तर रविवारी सकाळी ६ ला रीसेट. हे ३४ तास सलगच पाहिजेत, मधे दहा मिनिटं ऑन ड्युटी टाकून ट्रेलर बदलला की गेलं सगळं पाण्यात, परत पहिल्यापासून. आणि ३४ सक्तीचे नाहीत हेही लक्षात ठेवा, पुष्कळ नवीन लोकांना वाटतं दर आठवड्याला घ्यावेच लागतात. ज्याच्या मागच्या दिवसांत छोटे छोटे आकडे आहेत त्याला रीसेट फायद्याचा, ज्याचे पुढचे तीन दिवस दहा दहा तास परत येणार आहेत त्याला घरापासून लांब कुठेतरी ३४ तास बसवून ठेवणं म्हणजे पैसे वाया. रीकॅपचा तक्ता उघडून बघा, अंदाजाने बोलू नका.

आता जरा सावकाश वाचा, कारण स्प्लिट स्लीपरमध्ये भले भले गडबडतात. १० तासांची विश्रांती एकदम न घेता दोन तुकड्यांत घेता येते, एक तुकडा स्लीपर बर्थमध्ये सलग किमान ७ तास, दुसरा किमान २ तास ऑफ ड्युटी किंवा स्लीपर, आणि दोन्हींची बेरीज किमान १०. म्हणजे ७ आणि ३, किंवा ८ आणि २. कुठला आधी कुठला नंतर ते चालेल तसं. आणि गंमत ही की असे दोन तुकडे जुळले की दोघांचाही वेळ १४ मधून वगळला जातो. १४ चं घड्याळ थांबवायचा रोजच्या कामातला हाच एक रस्ता आहे.

तुमच्याच केसवर लावून बघू. डॉकवरचे चार तास ड्रायव्हरने ऑन ड्युटी टाकले होते. तो जर खरोखर मोकळा असता, गाडी डॉकला लावली, शिपरने सांगितलं की लोड झालं की हाक मारू, कंपनीने त्याला त्या वेळात जबाबदारीतून मोकळं केलंय आणि तो मागे जाऊन झोपला, तर ते चार तास स्लीपर लागू शकत होते. मग सकाळचे अडीच तास गेले, साडेबारापासून अजून साडेअकरा तास, म्हणजे १४ मध्यरात्री १२ ला संपलं असतं. साडेबाराला निघून आठ तास चालवून साडेआठला अर्धा तास ब्रेक, नऊला परत निघून साडेनऊच्या थोडं पुढे पोचला असता. ड्रायव्हिंग एकूण साडेदहाच्या जरा वर, ११ च्या आत. दहाची डिलिव्हरी झाली असती!

पण बिल नंतर येतं. समजा ११ वाजता माल उतरवून झाला आणि तो लगेच स्लीपरमध्ये गेला, सकाळी ६ पर्यंत ७ तास झाले, चार आणि सात अकरा, स्प्लिट पूर्ण. आता सकाळी ६ ला त्याच्याकडे किती आहे? नवीन डिस्पॅचर म्हणतो ११ आणि १४. अजिबात नाही. हिशोब पहिल्या तुकड्याच्या शेवटापासून, म्हणजे आदल्या दिवशीच्या दुपारी साडेबारापासून सुरू होतो. साडेबारा ते रात्री अकरा साडेदहा तास गेले, १४ मधले साडेतीन उरले. ड्रायव्हिंग साडेबारानंतर साडेआठच्या वर झालं, उरले अडीचच्याही आत. सकाळी ६ ला उठलेल्या माणसाला तुम्ही पाचशे मैलांचा लोड देऊन ठेवलेला असतो आणि तो साडेआठच्या आतच परत पार्किंग शोधायला लागतो. त्यापेक्षा त्याला तीन तास अजून झोपू द्या, सकाळी ९ ला सलग १० पूर्ण होतात आणि सगळं नवीन मिळतं.

अजून एक, दुसरा तुकडा पूर्णच झाला नाही, म्हणजे साडेसहा तासांनी कोणी दार ठोठावून गाडी हलवायला लावली, तर स्प्लिट झालाच नाही आणि रात्री आठनंतर चालवलेलं सगळं मागे जाऊन व्हायोलेशन होतं. म्हणून स्लीपरमध्ये असलेल्या ड्रायव्हरला फोन करून लोकेशन विचारणारा डिस्पॅचर मला डोक्यात जातो. जीपीएस आहे ना, बघा त्यात.

आणि ते चार तास स्लीपर टाकायला लावा असं मी अजिबात म्हणत नाहीये. ड्रायव्हर जर फोर्कलिफ्टवाल्याबरोबर उभा राहून पॅलेट मोजत होता, तर तो ऑन ड्युटीच, त्याला नंतर झोपलेला दाखवणं म्हणजे खोटा लॉग.

लॉगवरून आठवलं, ईएलडी आल्यापासून म्हणजे डिसेंबर २०१७ पासून ड्रायव्हिंगचा वेळ मशीन स्वतः लिहितं. गाडी ताशी ५ मैलांवर गेली की ड्रायव्हिंग लागतं, पाच मिनिटं थांबली की स्क्रीन विचारते आणि मिनिटभरात उत्तर नाही आलं तर स्वतःच ऑन ड्युटी टाकते. सिग्नलला, टोलला, डॉकवर उतरून गेलेला ड्रायव्हर हे विसरतो आणि मग दोन तासांची झोप ऑन ड्युटी म्हणून पडलेली असते. अशी दुरुस्ती करता येते, ऑफिसमधूनही सुचवता येते, पण कारण लिहावं लागतं, ड्रायव्हरने मान्य केल्याशिवाय ती लागत नाही आणि मूळ नोंद तशीच मागे राहते. मशीनने स्वतः लिहिलेला ड्रायव्हिंगचा वेळ मात्र कमी करता येत नाही. काही बॅक ऑफिसमध्ये ‘लॉग साफ करून दे’ म्हणून काम देतात, मागच्या दाराने ड्रायव्हिंग पुसून देणारी मशीनं वापरतात. एफएमसीएसए अशी मशीनं यादीतून काढून टाकते आणि मग कंपनीला ६० दिवसांत सगळी बदलावी लागतात. तसं काम सांगितलं तर नोकरी बदला, खरंच सांगतो, अपघात झाला की वकील सगळ्यात आधी डिझेलच्या पावत्या आणि टोलच्या वेळा लॉगशेजारी ठेवून बघतो.

१४ संपलंय आणि शिपर म्हणतो आमच्या आवारातून बाहेर व्हा, तेव्हा काय? इथे पर्सनल कन्व्हेयन्स म्हणजे पीसी उपयोगी पडतं. लोडिंग किंवा अनलोडिंगमध्ये तास संपले तर जवळच्या सुरक्षित जागी जाऊन विश्रांती घेण्यापुरती गाडी पीसीमध्ये हलवता येते, ट्रेलर भरलेला असला तरी. २०१८ च्या मार्गदर्शनात हे स्पष्ट केलंय. पण जवळच्या म्हणजे जवळच्या. दोन ट्रक स्टॉप सोडून ४० मैल पुढे उद्याच्या पिकअपच्या दिशेने गेला तर ती पीसी नाही, ते ड्रायव्हिंग, आणि तपासणीत नकाशावर ती रेघ बरोबर दिसते. शिपरच्या किंवा कंपनीच्या आवारात ट्रेलर इकडचा तिकडे करायला यार्ड मूव्ह, ते ऑन ड्युटीत मोजतात.

दोन तासांची जी जादाची सवलत असते, खराब हवामान किंवा अनपेक्षित ट्रॅफिकची, तिचा पण गैरवापर फार. ती ११ आणि १४ दोन्ही दोन तासांनी वाढवते, पण अट अशी की निघताना ड्रायव्हरला आणि पाठवताना तुम्हाला, दोघांनाही ते माहीत नसलं पाहिजे आणि माहीत असण्यासारखंही नसलं पाहिजे. रात्रीपासून बर्फाचा इशारा टीव्हीवर चालू आहे आणि तुम्ही सकाळी पाठवलंत, मग नाही मिळत. संध्याकाळी पाच वाजता शिकागोत ट्रॅफिक लागलं, हे काय अनपेक्षित आहे का? लोडिंगला उशीर झाला ह्याला तर ती कधीच लागू होत नाही. पुढे मोठा अपघात होऊन हायवे बंद झाला, त्याला लागू होते, आणि तेव्हा लॉगमध्ये ठिकाणासकट कारण लिहायला लावा.

अजून एक नियम डिस्पॅचरने स्वतःसाठी वाचून ठेवावा, २०१६ पासून ड्रायव्हरला तास मोडायला भाग पाडणं हाच वेगळा गुन्हा धरतात, कंपनी, शिपर, रिसिव्हर (माल उतरवून घेणारा), ब्रोकर सगळ्यांना लागू. ड्रायव्हरने ‘माझे तास पुरत नाहीत’ असं सांगितलं आणि तुम्ही ‘मग पुढच्या आठवड्यात लोड नाही मिळणार’ असं लिहून पाठवलंत तर तो मेसेज पुरावा आहे. त्याशिवाय तास शिल्लक असले तरी थकलेल्या किंवा आजारी माणसाने चालवू नये आणि कंपनीने चालवायला लावू नये असाही नियम आहेच. ड्रायव्हर म्हणाला डोळे मिटतायत, तर तिथे विषय संपला, रिसिव्हरला फोन करून वेळ बदलून घेणं हे तुमचं काम.

मी लोड बुक करायच्या आधी ड्रायव्हरला एवढंच विचारतो, आज पहिलं काम किती वाजता सुरू केलंस, आत्ता कुठल्या स्टेटसला आहेस आणि रात्री कुठे थांबायचा विचार आहे. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण रात्री ८ ला घड्याळ संपतंय तर मोठ्या शहरांजवळ संध्याकाळी सहानंतर पार्किंग मिळायची मारामार असते आणि ड्रायव्हरला शेवटचा पाऊण तास जागा शोधण्यातच जातो. तो पाऊण तास हिशोबातून आधीच काढून ठेवा. मैल काढताना पण वेगमर्यादेने भागू नका, ५० धरा, डोंगराळ भाग असेल तर त्याहून कमी.

आणि टाइम झोन! लॉग नेहमी होम टर्मिनलच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या कंपनीतल्या मूळ ठिकाणाच्या, वेळेत चालतो. कंपनी न्यू जर्सीची असेल तर ड्रायव्हर कॅलिफोर्नियात उभा असला तरी लॉगवर ईस्टर्न वेळ. स्क्रीनवर ८ ला संपतंय म्हणजे त्याच्या खिडकीबाहेर ५ वाजलेत, आणि रिसिव्हरची अपॉइंटमेंट तिथल्या वेळेत आहे. इथे बसून आपल्या डोक्यात तिसरीच वेळ चालू असते, त्यामुळे मी वहीत प्रत्येक लोडसमोर लॉगची वेळ आणि तिथली वेळ अशा दोन्ही लिहितो.

वर सांगितलंय ते सगळं राज्याबाहेर माल नेणाऱ्या लांबच्या गाड्यांचं. १५० एअर माइल्सच्या (सरळ रेषेत मोजलेल्या मैलांच्या) आत फिरून १४ तासांत परत आपल्या जागी येणाऱ्या लोकल ड्रायव्हरला ईएलडी आणि अर्ध्या तासाचा ब्रेक दोन्ही लागत नाही, फक्त येण्याजाण्याच्या वेळेची नोंद लागते. बसवाल्यांचे आकडे वेगळे, १० तास ड्रायव्हिंग, १५ तास ड्युटी. आणि लोड कॅनडात जाणार असेल तर सीमा ओलांडल्यावर तिकडचा हिशोब लागतो, १३ तास ड्रायव्हिंग, १४ तास ड्युटी, सगळं १६ तासांच्या आत, तेव्हा ईएलडीमध्ये नियमांचा संच बदललाय का ते ड्रायव्हरकडून सीमेच्या आधीच बघून घ्या.